लेबलाशेजारची कोरी जागा

ग्लेनिसने टेपचा डबा फडक्याने पुसला. डेसच्या हातातल्या सॉसेज रोलचं तेल झाकणावर उमटलं होतं, नेमकं ‘१२ मार्च’ या रेकॉर्डिंगच्या तारखेवर.

गायक डेस खुर्चीत पसरून खात होता. त्याची आई जाऊन आठ दिवस झाले होते. दंडावर काळी फीत होती. शेजारी त्याची थोरली बहीण म्युरिएल मांडीवर हातमोजे घेऊन बसली होती. फोटोसाठी डेसच्या मॅनेजरने तिला लीड्सहून बोलावून घेतलं होतं. लंडनमधल्या या खोलीत ग्लेनिस टेपवरचं गाणं काळ्या लाखेच्या तबकडीवर कोरून देई. तिच्यावरून साचा निघे, आणि साच्यावरून लाखो रेकॉर्डी.

“शुक्रवारी दुकानात पाहिजे,” मॅनेजर म्हणाला. “लोकांचे डोळे वाळायच्या आत.”

“आणि गाणं संपल्यावर लेबलाशेजारी कोरी जागा उरते ना,” डेस म्हणाला, “तिथे तुझ्या हाताने कोर, ‘नीज गं आई’. आपली चाहती पोरं भिंग लावून शोधतात असलं काही.”

कोरण्याआधी टेप एकदा ऐकावी लागे. ग्लेनिसने ती लावली. सुरुवातीचं बोलणं कापायला स्टुडिओत कोणीतरी विसरलं होतं.

“डेस, फोन. तुझी आई आहे, इस्पितळातून.”

“परत? आता काय, उशी टोचतेय म्हातारीला? सांग, मी अमेरिकेत आहे.” मागे हशा. “चला रे. एक, दोन, तीन—”

गिटार वाजली. मग डेसचा तो घराघरात पोचलेला, फाटका आवाज आईला विनवू लागला: एकदा हाक मार, फक्त एकदा.

ग्लेनिस आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघत राहिली. काटा एकदाही तांबड्या रेघेपलीकडे गेला नाही. रेकॉर्डिंग उत्तम होतं.

“ते सुरुवातीचं बोलणं काप,” गाणं संपल्यावर डेस म्हणाला आणि त्याने बोटं चाटली. “अगं म्यू, तोंड काय पाडतेस? गंमत चालते स्टुडिओत.”

“रिसीव्हर मी धरला होता तिच्या कानाशी,” म्युरिएल म्हणाली. “निरोप ऐकला तिने. मला म्हणाली, तिकडे नीट जेवत असेल ना गं?”

डेसने तोंडातला घास गिळला.

“फोटोवाला खोळंबलाय,” मॅनेजर म्हणाला आणि डेसला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. म्युरिएल उठली नाही.

ग्लेनिसने बोलण्याचा तुकडा पात्याने कापून टाकला आणि गाणं तबकडीवर उतरवलं. लाखेचा काळा तंतू केसासारखा वर येत नळीत ओढला जात होता. सुई मधोमध पोचली. मग तिने कोरायची टोकदार सळई उचलली, पण हात पुढे जाईना.

“किती अक्षरं मावतात?” म्युरिएलने विचारलं.

“बारीक काढली तर वीस-पंचवीस.”

“नंतर कोणी तपासतं?”

“कारखान्यात फक्त ऐकतात. वाचत कोणी नाही.” ग्लेनिस थांबली. “विकत घेणारे वाचतात.”

“मग टेपवरचं त्याचंच वाक्य घाला. मनापासून बोललेलं तेवढंच आहे.” म्युरिएल हातमोजे चढवू लागली. “तुमच्या नोकरीवर गदा येणार असेल तर नको.”

ग्लेनिसने दिवा खाली ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिलं अक्षर कोरलं.

थोड्या वेळाने मॅनेजरने दारातून डोकं आत घातलं. “काय बाई, झालं का आईचं?”

ग्लेनिसने ‘अमेरिकेत’वरचा काळा चुरा हलक्या फुंकरीने उडवला.

“एक शब्द राहिलाय,” ती म्हणाली.