दहापैकी चार

दर शुक्रवारी एकाने दुकानातून सँडविच आणायचं आणि बाकीच्यांनी चाखून गुण द्यायचे, अशी त्या ऑफिसची रीत. आज पाळी हेडक्लार्कची होती. कॅशियरबाईंच्या वाट्याला कोपरा तुटलेला तुकडा आला आणि त्यांचा पारा चढला.

"चव बरी आहे, पण कोपरा दुकानदाराने ढापला की काय? दिवसाढवळ्या लूट आहे ही. दहापैकी चार. आत्ताच्या आत्ता जाऊन जाब विचारते त्याला."

"जाऊ द्या हो, बाई," हेडक्लार्क घाईघाईने घास गिळत म्हणाले. "खाण्यावरून कशाला भांडायचं?"

"तुमच्यासारखे गप्प बसतात, म्हणूनच हे लोक सोकावतात."

मघापासून फ्रीजमध्ये शोधाशोध करणारी टायपिस्ट टेबलाकडे वळली.

"दुकानापर्यंत जायची गरज नाही, बाई. माझं सँडविच सकाळी फ्रीजमध्ये ठेवण्याआधी तो कोपरा मीच खाल्ला होता."