अंगणाची अट

ओढ्याकाठचं शेत कुळकायद्यात गेलं, तेव्हापासून कासारवाडीच्या गेनबाला भाडेकरूचीही धास्ती वाटायची. पडवीतली खोली उद्धवरावांना देताना त्यानं भाडेचिठ्ठीत एक अट हट्टानं लिहून घेतली: अंगणात काही लावायचं नाही.

"तुळससुद्धा नाही?" उद्धवरावांनी हसत विचारलं.

"मिरचीचं रोपबी न्हाई. आज रोप लावाल, उद्या म्हणाल, मी कसतोय, जागा माझी."

"खोलीच्या भाडेकरूला तो कायदा लागू होत नाही, गेनबा."

"शेत गेलं तवा बी मला असंच सांगितलं व्हतं."

उद्धवरावांनी सही केली. त्यांच्या सामानात एक लांबलचक लोखंडी साखळी होती. ती गेनबानंच उचलून आत ठेवली.

"बैल बांधायची दिसतीया," तो बायकोला म्हणाला, "पर बैल तर कुठं दिसंना."

सकाळी तीच साखळी जमीन मोजायला रस्त्यापासून थेट गोठ्यापर्यंत ताणलेली होती. दोन गडी तिची टोकं धरून उभे होते आणि उद्धवराव उंबऱ्यासमोर खुंटी ठोकत होते.

गेनबा धावत बाहेर आला. "अवो, काय ठरलं व्हतं आपलं?"

"नव्या कारखान्याची हद्द तुमच्या गोठ्यामागून जातेय, अंगण आतच येतं," उद्धवराव मान वर न करता म्हणाले. खुंटी हलवून पाहिली, घट्ट बसली होती.



"घाबरू नका, गेनबा. इथं आता काहीच उगवणार नाही."