राखण

दिंडोशीच्या डोंगराकडेच्या चाळीत बिबट्या उतरू लागला, तेव्हा सिद्धेशने लेकीच्या जिवासाठी जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. विकणारा हसून म्हणाला होता, "टेन्शन नको भाऊ. आजकाल सगळ्यांना सोफ्यावर लोळणारा शेफर्ड पाहिजे. गुरगुरणाऱ्याची आम्ही पुढे पैदासच करत नाही."

ब्रुनो दिसायला दांडगा झाला. पण दूधवाला येवो की चोर, त्याची शेपटी वाऱ्यावरच्या कणसासारखी डुलायची.

"ह्येच्या आज्यान लांडगे पळवले असतीत," सिद्धेशची आई वनमाला कपाळाला हात लावायची. "ह्यो मेलो काय राखण करतलो? गावच्या राखणदार देवाक वर्साक कोंबो कापून राखण देतंव ना, तो कोंबोसुद्धा ह्येच्यापेक्षा जास्त आरडता!"

काल तिन्हीसांजेला छोटी गार्गी ब्रुनोशी चेंडू खेळत होती, आणि झुडपातून बिबट्या खाली आला. ब्रुनो भुंकला नाही, गुरगुरला नाही. नवा पाहुणा समजून, तोंडात चेंडू धरून, शेपटी हलवत तो त्याच्याकडे चालत गेला.

चेंडू तेवढा मागे राहिला.

तो उराशी कवटाळून गार्गीने विचारलं, "आजी, ब्रुनोने माझी राखण केली ना गं?"

वनमालेने नातीला पदराखाली ओढून घेतलं.

 

"तेना राखण केल्यान नाय गो बाय. आमी राखण दिली."