सणाचा आशीर्वाद

“आधी जरा खाकर. आजीशी बोलण्याआधी ल्यूक खाकरायचा,” ऑस्वाल्ड म्हणाला.

“नो वरीज, अंकल. सवय झालीय आता,” केविन म्हणाला.

चर्चमध्ये मिस्सा संपवून, परदेशात स्थायिक झालेली वसईची माणसं क्वेकर्स हिलच्या हॉलमध्ये जमली होती. फेब्रुवारीतला, वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचा सण होता. बँड वाजत होता, इंद्यालच्या झणझणीत रश्श्याच्या वासाने पोरंटोरं रांगेत घुसत होती. हे दोघे मात्र मागच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून बसले होते.

ऑस्वाल्डचा एकुलता एक ल्यूक ऑक्टोबरात अपघातात गेला. वसईला नव्वदीच्या आईला हे कळलं तर ती हाय खाऊनच जाईल, या धास्तीने त्याने सगळ्यांना हात जोडून गप्प केलं होतं. सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. इझाबेलाच्या तोंडात तीळ भिजत नसे. मग दर रविवारी ल्यूकचा जिवलग मित्र केविन फोनवर ल्यूक होऊ लागला. आवाज बेताचाच जुळायचा, पण आजीचे कान त्याहून बेताचे.

नोव्हेंबरात ऑस्वाल्डची बायपास झाली. ती मात्र वसईला कळवावी लागली. त्यानंतर आज तो पहिल्यांदाच माणसांत आला होता. ओळखीचे लोक त्याला बघून नजर चुकवत होते. त्यालाही त्यात नवल वाटलं नाही. पोरगा गेलेल्या बापाशी सणाच्या दिवशी बोलणार तरी काय?

फोन इझाबेलानेच उचलला. “तब्येत कशी आहे, दादा? थांब, आईला देते.”

जरा वेळ गेला.

“बोल रे,” घोगरा आवाज आला. थंडीपासून म्हातारीचा घसा बसला होता. व्हिडिओवर यायचाही तिला कंटाळा.

केविन खाकरला. “आजी, सणाचा आशीर्वाद दे.”

मिस्सानंतर घरातल्या थोरांचा आशीर्वाद घेतल्याशिवाय त्यांच्याकडे सण पुरा होत नसे.

“देव बरं करो, ल्यूक. उदंड आयुष्य देवो तुला.”

इतके महिने ऑस्वाल्डने रडणं गिळलं होतं, आणि मनसोक्त रडावं अशी त्याला एकच जागा ठाऊक होती. त्याने केविनच्या हातातून फोन काढून घेतला.

“आई, हा ल्यूक नाही. आपला ल्यूक गेला गं. मी खोटं बोललो तुझ्याशी. रागाव हवं तर, पण मला तुझ्याजवळ रडू दे.”

आणि तो रडला. साठीचा माणूस, लहान पोरासारखा रडला. केविनने तोंड फिरवलं. पलीकडूनही हुंदका ऐकू आला आणि ऑस्वाल्डला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. आपण एकटे नाही, आई आहे अजून.

“बोल ना आई, काहीतरी.”

“दादा,” पलीकडून आवाज आला, “मी इझाबेला. आई ख्रिसमसच्या आधीच गेली रे.”