करून पाहिलं

"तू तोंड उघडायचं नाय," मैनाने सुनेला दटावलं. "तुमचा नियमच हाय ना तसा?"

भाविका शेजारच्या पारूच्या पंपाच्या खोलीत दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. नियम खराच होता. ती ज्या ऑनलाइन तांत्रिक मासिकात लिहायची, तिथे प्रत्येक लेखाखाली दोन नावं यायची. एक लिहिणाऱ्याचं आणि दुसरं 'करून पाहिलं' म्हणून. हे दुसरं माणूस त्या कामातलं नसावं, त्याने नुसतं वाचावं आणि करावं, लिहिणाऱ्याने गप्प राहावं. याच नियमापायी भाविकाचे आधीचे लेख परत आले होते. या खेपेला तिने सरळ सासूचं नाव ठोकून दिलं. सासूला विचारलंसुद्धा नाही.

'विहिरीचा पंप चालवा मोबाईलवरून' हा लेख आज सकाळी झळकला, आणि कडावच्या डेअरीवर दूध घालायला गेलेल्या मैनाला बायकांनी घेरलं. आपलं नाव छापून आलंय म्हटल्यावर मैना कशाला नाही म्हणते?

"केलंय की मी," ती बोलून गेली.

"मंग चल," पारू म्हणाली. "माझ्या पंपाला बसव."

आता पारू मोबाईल डोळ्यांजवळ धरून लेख वाचत होती. "स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडा."

मैनाने झाकण उघडलं.

"वरच्या ओळीत डावीकडचा स्क्रू सैल करा."

"तुझ्या नवऱ्यानं वळलाय वाटतं हा. त्याच्यावानीच आडमुठा हाय."

"वढ गं, वढ. माणूस नाय हलत, स्क्रू तरी हलंल."

भाविकाला हसू आलं. झोकात चाललं होतं सगळं. सासू खरंच करत होती, म्हणजे नाव घातलं त्यात बिघडलं काय?

"आता त्याखालची वायर बोटांनी धरून बाहेर ओढा."

मैनाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पदराला बोटं पुसली. हात पेटीकडे नेला.

पेटीवरचा लाल दिवा लागलेला होता.

भाविकाने भिंतीकडे झेप घेऊन मेन स्विच खाली खेचला. दिवा विझला. मैनाची बोटं वायरीच्या अलीकडे तशीच थांबलेली.

"काय झालं गं? चुकलं का माझं?"

"नाय आई. तुमचं नाय चुकलं."

पारूने लेख वरपासून खालपर्यंत सरकवला, परत वर नेला. "भाविका, यात मेन बंद करायचं कुठं लिवलंय गं?"

कुठेच नव्हतं. साजगावच्या कारखान्यात भाविका रोज विजेची पॅनेलं उघडायची. आधी मेन बंद, मग झाकण. हात आपोआप तिकडे जायचा. हाताने केलेलं डोक्याला कळलं नाही, आणि लिहिलं होतं डोक्याने.

तिने तिथूनच संपादकबाईंना फोन लावला. "लेख काढा. मेन बंद करायचं त्यात लिहायचं राहिलंय."

"अहो, सकाळपासून सगळ्यात जास्त तोच वाचला जातोय. खाली टीप टाकूया ना."

"टीप वाचायला माणूस जागेवर राहिला पाहिजे. आत्ता काढा. त्या जागी एकच ओळ घाला, पेटीला हात लावू नका, मेन बंद करा."

"पण तुमच्या सासूबाईंनी करून पाहिलंय ना?"

"नाही. मी खोटं लिहिलं."

पलीकडून कळफलकाचा आवाज आला.

पारू खालच्या प्रतिक्रिया वाचत होती. "हा बघ. पळसदरीचा कोण हाय. म्हनतो, जेवून झालं की लागतो कामाला."

भाविकाने मोबाईल हिसकावून घेतला आणि त्याला लिहिलं. मग उंबऱ्यावर बसून ती पडद्याकडे बघत राहिली. विहिरीत एक बेडूक तेवढा ओरडत होता.

उत्तर आलं. "थांबतो ताई. अजून भातच वाढतायत."

भाविकाने डोळे मिटले.

मैनाने पदर खोचला. मेन बंद आहे ना, हे भिंतीशी जाऊन स्वतः बघितलं. मग वायर ओढली, मोबाईलने चालणारा स्विच जोडला, स्क्रू आवळले, झाकण लावलं. पारू मोबाईल परत घेऊन, त्यावर अजून उघडंच असलेल्या जुन्या पानावरून वाचत होती तसं, एकेक. मेन चालू करून पारूने मोबाईलवर बोट टेकवलं. पंप घरघरला आणि वाफ्यात पाणी पडलं.

"परत छापतील तवा माझं नाव काढू नको," मैना हात पुसत सुनेला म्हणाली. "डेअरीवर खोटं बोलले व्हते, ते आता खरं केलंय मी."

भाविकाने मान हलवली.

"तुझं तू बघ."