दोन मिनिटं तीन सेकंद

"बरोबर दोन मिनिटं," स्टॉपवॉच थांबवत मी सांगितलं. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की अंदाज फसतो, म्हणून मी आवाज न काढता ओठ हलवून वेळ मोजते. वीस वर्षांत माझा अंदाज सेकंदानेही हुकलेला नाही. धरणावरच्या माहितीपटाच्या निवेदनाचा हा शेवट होता. पाण्याखाली गेलेली चाळीस गावं, प्रत्येक नावाला तीन सेकंद.

रेकॉर्डिंग भरलं दोन मिनिटं तीन सेकंद. पुन्हा वाचलं. पुन्हा तेवढंच.

"ताई, एक नाव जास्त येतंय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट हेरंब म्हणाला.

कागदावर तर चाळीसच होती. त्याने टेक ऐकवला, मी एकेका नावावर बोट ठेवत गेले. एकोणिसाव्या नावानंतर माझाच आवाज स्वच्छ म्हणाला, "जांभटाक." ते मी वाचलं नव्हतं. आयुष्यात कधी ऐकलंही नव्हतं.

यादी घेऊन आलेले म्हातारे निवृत्त तलाठी मागे खुर्चीत बसले होते. मी विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्या यादीत एखादं गाव लिहायचं राहिलंय का?"

"नाही. धरणासाठी जी गावं उठली, घरं सोडून गेली, ती सगळी आहेत यात. मीच उठवली."

"मग जांभटाक?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले.

"पाणी उंबऱ्याला लागलं, तरी तिथलं कुणी उठलं नाही, ताई."