तुलनेपुरता एक मासा

समुद्रात अणुबॉम्बची चाचणी झाल्यापासून तपासनीस रोज मासे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राखाली धरायचा, आणि यंत्र रोज बोंब ठोकायचं. साहेब म्हणाले, "तुलनेला एक तरी स्वच्छ मासा आण, मग मासेबंदीचा कागद वर पाठवतो." बंदी आली की बाहेरून धान्य येणार होतं, तोवर खायला मासेच होते, आणि घरी बायकोला सातवा महिना लागला होता. त्याने सात बंदरं पालथी घातली. शेवटी आत्याच्या फडताळात चाचणीच्या आधीचा, गंजलेला मासळीचा डबा सापडला. झाकण उघडून यंत्राखाली धरला, तर यंत्र पहिल्यांदाच गप्प! तो नाचतच साहेबांकडे गेला.

साहेबांनी चष्मा पुसला, डब्यावरची तारीख वाचली आणि ते दचकलेच. "अरे शहाण्या, मुदत संपून नऊ वर्षं झाली! कुणाच्या पोटात गेलं तर केवढ्याला पडेल?"

डबा नियमाप्रमाणे तिथल्या तिथे भट्टीत गेला. तपासनिसाचा पडलेला चेहरा बघून साहेबांना दया आली. त्यांनी सकाळी तपासणीला आलेल्या टोपलीतले दोन मासे कागदात बांधून दिले.

"सूनबाईला दे. अशा दिवसांत ताजं खावं."